कृत्तिका मावळायच्या आत

ऱ्होड्स. व्याध पहाटे दिसू लागल्याला महिना झाला.

आगेमाखोसकडून लेक फिलिन्नाला. आनंदात अस.

उन्हाळा सरत आला तरी तुझी चार ओळींची खुशाली नाही, आणि जावईबापूंची तर त्याहून नाही. अलेक्झांड्रियात कागदाचं पीक येतं म्हणतात, मग तुमच्याच घरी दुष्काळ कसा? मी बरा आहे. डोळे शाबूत आहेत, गुडघे कामातून गेले. टेकडीवरच्या, तारे बघायच्या ओट्यापर्यंत चढताना आता दोनदा टेकावं लागतं.

एक सांगायचं आहे. कोष्टक पुरं झालं. तू लहान असताना तुला लाकडी चकतीवर दोरा ताणून धरायला बसवायचो आणि तू बोटं दुखतात म्हणून भोकाड पसरायचीस, तेच हे काम. बाबिलोनवाल्यांसारखे वर्तुळाचे तीनशे साठ भाग करायचे आणि प्रत्येक कोनासमोरची जीवा किती लांब ते काढायचं. साठ भागांची जीवा त्रिज्येएवढी, हे कुणालाही दिसतं. मग निम्म्या कोनाची, त्याच्याही निम्म्याची, अशा पायऱ्या उतरत गेलो. आता दोरा लागत नाही, नुसता हिशेब पुरतो. शेजारी विचारतात, म्हाताऱ्या, हे खायचं की प्यायचं? त्यांना काय सांगू? आकाशात आपला हात पोचत नाही, तिथलं फक्त कोनाने मापता येतं. कोनावरून लांबी काढून देणारी वस्तू आता माझ्या फडताळात लसणाच्या माळेशेजारी पडली आहे.

तिच्यासाठी मला तुझा नवरा हवा आहे. शरदात, चंद्र कृत्तिकांच्या जवळ असताना, संध्याकाळी खग्रास ग्रहण लागणार आहे. चंद्र पुरता काळवंडतो तो क्षण सगळ्या जगाला एकच असतो. त्या क्षणी एवांद्रोसने तिथून आणि मी इथून चंद्र कृत्तिकांपासून किती दूर दिसतो ते मोजायचं. दोन गावांतून तो किंचित वेगळ्या जागी दिसेल. तेवढ्या फरकाची जीवा कोष्टकात पाहिली की चंद्र किती लांब आहे ते निघेल. आजवर सगळ्यांनी अंदाज बांधले. मी आयुष्यात एकही आकडा अंदाजाने लिहिला नाही आणि या वयात लिहिणार नाही.

तुमच्याकडे नवा राजा आला असं ऐकतो. राजे येतात जातात, एवांद्रोसला म्हणावं आकाश मोजायची चार हाती पट्टी पुसून ठेव.

धडधाकट राहा.

*

अलेक्झांड्रिया. मिसरी मेसोरे महिन्याची वीस.

फिलिन्नाकडून बाबांना.

बाबा, तुमचं पत्र चार दिवसांत आलं. माझं कधी पोचेल ते वाऱ्याला ठाऊक. तुमच्याकडून इकडे येताना तो पाठीवर असतो आणि इकडून तिकडे जाताना तोंडावर. म्हणून महत्त्वाचं आधी लिहिते. आम्हाला इथून निघायचं आहे. समुद्र मिटायच्या आत, हिवाळ्यासाठी जहाजं बंद व्हायच्या आधी.

"राजे येतात जातात" हे तुम्ही ओट्यावर बसून लिहिलंत. इथे वाचनगृहाला टाळं आहे. समोरच्या घरात व्याकरण शिकवणारे म्हातारे होते ना, ज्यांच्या खोकल्याची तुम्ही इकडे आलात की नक्कल करायचात, त्यांना शिपायांनी दाढीला धरून जिन्यावरून ओढत नेलं. मी खिडकीतून पाहिलं. परत आले नाहीत. एवांद्रोसने मागच्या राजाच्या मुलाला दोन वर्षं भूमिती शिकवली. ते पोर आता जिवंत नाही, आणि त्याला ज्यांनी ज्यांनी अक्षर शिकवलं त्यांचा शोध चालू आहे. ज्यांना वेळेवर सुचलं ते केव्हाच जहाजात बसले. याला सुचलं नाही. पट्टी पुसत बसला होता.

सध्या आम्ही राकोतिसमध्ये, मिसरी वस्तीत, एका बिअर गाळणाऱ्या बाईच्या माळ्यावर आहोत. ती विचारत नाही, आम्ही सांगत नाही. पण गल्लीत ग्रीक बोलणारा माणूस किती दिवस लपेल?

कुठल्याही जहाजावर भरवसा ठेवता येत नाही, अर्धे तांडेल शिपायांना मिळालेले आहेत. दोर्कोनकाका सोडून. ते दरवर्षी शरदात दारूचे रांजण घेऊन शेवटची फेरी करतात. त्यांना सांगा, बाबा. दोघं आहोत, सामान नाही. रांजणांच्या मध्ये बसू.

*

ऱ्होड्स. स्वाती पहाटे दिसू लागली.

आगेमाखोसकडून फिलिन्नाला.

तुझं पत्र आज आलं आणि मी जेवायचा राहिलो. लगेच बंदरावर गेलो. दोर्कोन तोंड काळं करून गलबताला डांबर फासत होता. सगळं सांगितलं. म्हणाला, "आगेमाखोस, तुझी पोर माझ्या खांद्यावर बसून मोठी झाली. आणतो." तेव्हा ते काम झालं. आता रडू नकोस.

पण एक ऐक. जिवाचा धोका मला कळत नाही असं समजू नकोस. दोर्कोन दिवस-रात्र सारखे झाल्यावर इथून निघेल आणि माल उतरवून तिथेच थांबेल. परत कधी फिरायचं ते समुद्र मिटण्यावर. पहाटे उजाडायच्या आधी कृत्तिका पश्चिमेला पाण्यात बुडाल्या की समुद्र मिटला, हे खलाशाच्या पोरालाही माहीत असतं. पण त्या कधी बुडणार, हे सगळे बंदरावरच्या दगडी पंचांगावरून ठरवतात. रोज खुंटी एक भोक पुढे, आणि जहाजावर त्याचीच लाकडी नक्कल. तो दगड माझ्या आजाच्या काळात कुणा पाथरवटाने दुसऱ्या गावच्या दगडावरून उतरवला आहे. मी कोष्टक घेऊन बसलो आणि कृत्तिकांचा अस्त हिशेबाने काढला. दगड नऊ दिवस घाईत आहे, पोरी. नऊ दिवस! ग्रहण त्या नऊ दिवसांच्या बरोबर मध्ये पडतं.

म्हणजे दोन्ही साधतं. ग्रहण मोजा आणि जहाजात बसा. दोर्कोनला मी हे समजावून सांगितलं, जमिनीवर वर्तुळ काढून. त्याने मान हलवली.

असं ग्रहण पुन्हा लागेल तेव्हा मी नसेन. आणि तुम्ही तिथून निघालात की तिथे मोजणारं माणूसच उरणार नाही. एवढ्यासाठी म्हणतो. नाहीतर बापाला लेकीपेक्षा चंद्र का जास्त आहे?

*

अलेक्झांड्रिया. थोथची सहा.

फिलिन्नाकडून बाबांना.

हे पत्र मी एवांद्रोसला न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र त्याने माझ्या हातातून घेतलं आणि वाचून तो हसला. दीड महिन्यात पहिल्यांदा. मला वाटलं दोर्कोनकाका येणार म्हणून हसला. तर म्हणतो कसा, "नऊ दिवस, फिलिन्ना! तुझ्या बापाने दगडाला खोटं पाडलं." त्या रात्रीपासून माणूस बदलला आहे. बिअरवालीच्या मडक्यांवर पट्टी टेकवून सराव करतो. मी म्हटलं, दोर्कोनकाका आले की त्याच दिवशी जहाजावर जाऊन बसू, ग्रहण जहाजावरून बघ. तर म्हणाला, हलत्या जहाजावरून माप येत नाही. मी म्हटलं, मग मापाला काडी लाव. दोन दिवस बोलला नाही.

बाबा, बंदरावर जाऊन मी ऱ्होड्सच्या खलाशांशी बोलले. तुम्ही पाच पिढ्यांचे दर्यावर्दी, तरी तुम्हाला हे ठाऊक नाही? ते लोक आकाशाकडे बघत नाहीत. ढग असतात, झोप असते. ते खुंटीकडे बघतात. खुंटी शेवटच्या भोकात गेली की तुम्ही वर्तुळ काढा, चौकोन काढा, एक माणूस वल्ह्याला हात लावत नाही. दोर्कोनकाकांनी मान हलवली असेल. तुम्ही म्हातारे आहात म्हणून हलवली.

काल चौकात दोघांना मारलं. त्यातला एक नकाशे काढायचा, आमच्याकडे अंजीर घेऊन यायचा.

माझं तो ऐकत नाही. तुमचं ऐकतो. तुम्ही त्याला लिहा की ग्रहण नको. एवढंच लिहा, "मला माप नको, ये." तुमच्या अक्षरात. मी तुमच्या पाया पडते, बाबा. आजवर तुमच्याकडे मी चांगल्या चपलांखेरीज काही मागितलं नव्हतं.

*

ऱ्होड्स. दिवस-रात्र सारखे होऊन पंधरवडा झाला.

आगेमाखोसकडून फिलिन्ना आणि एवांद्रोसला.

दोर्कोन उद्या निघतो, त्याच्याबरोबर हे देतो. तुझं दुसरं पत्र अजून आलेलं नाही, म्हणजे सारं ठीक असणार. वाईट बातमी वाऱ्याला मानत नाही.

जावईबापू, आता तुम्ही ऐका. पट्टीवरची चकती सरकवताना श्वास रोखा, हाताला कंप येतो. माप तीनदा घ्या आणि तिन्ही लिहा, मधलंच लिहून पाठवण्याची हुशारी नको. चंद्राच्या मध्यापासून मोजा, काठापासून नव्हे, मागच्या वेळी तुम्ही काठापासून मोजून माझा एक हिवाळा फुकट घालवलात. हे मी विसरलेलो नाही.

फिलिन्ना, सोबत वाळवलेल्या अंजिरांची टोपली आहे. पाच तुझी, बाकीची त्याची. मोजणाऱ्याला लागतात. तुझी जुनी खोली झाडून घेतली आहे. मांजरीने तिथे पिल्लं घातली होती, ती हलवली, तर तिने मला बोचकारलं.

*

ऱ्होड्स.

फिलिन्नाला.

तुझं पत्र आज मिळालं. एकोणीस दिवस लागले त्याला.

निघा. ग्रहण गेलं खड्ड्यात. मला माप नको. एवांद्रोस, हे माझं अक्षर आहे, नीट बघून घे, मला माप नको, ये. दोर्कोन म्हणेल त्या क्षणी जहाजावर चढा. तो खुंटी म्हणाला तर खुंटी. माझा हिशेब बरोबर आहे आणि तो कवडीच्या कामाचा नाही, मला हे कळायला पोरीला पाया पडायला लावावं लागलं.

हेच पत्र तीनदा लिहिलं आहे. तीन गलबतांवर देतो आहे, एक तरी पोचेल. दक्षिणेचा वारा सुटला आहे, बंदरातून कुणी हलायला तयार नाही. मी प्रत्येकाच्या हातापाया पडतो आहे. एकाने विचारलं, "आजोबा, काय एवढं घाईचं?" मी त्याच्या हातात पत्र कोंबलं.

सूर्यदेव हेलिओसची शपथ, ये. दोघं या.

*

ऱ्होड्स. न पाठवलेलं. समुद्र मिटलेला आहे, पाठवू कसं?

फिलिन्ना,

ग्रहणाच्या संध्याकाळी मी ओट्यावर गेलो नाही. धक्क्यावर होतो. दुपारपासून पाऊस कोसळत होता, पलीकडचं गलबत दिसेना. दिवेलागणीला दोर्कोन आत आला. डोलकाठी मोडलेली, माणसं अर्धमेली. मी फळीच्या टोकाशी उभा राहून एकेकाचं तोंड बघत होतो. शेवटचा दोर्कोन उतरला. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

त्याने माझ्या अंगावर त्याचं कांबळं टाकलं. बराच वेळ आम्ही दोघं तसेच भिजत उभे होतो. ग्रहण लागलं, सुटलं, मला चंद्र नखाएवढाही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की तू धक्क्यावर आली होतीस. एकटी. एक पाय फळीवर ठेवला होतास. मग काढलास.

तेव्हापासून रोज लिहितो आणि फाडतो. हे फाडलं नाही, का ते ठाऊक नाही. आकाश मोकळं झाल्यावर चार पहाटा मी कृत्तिका पाहिल्या. पाण्यावर चांगल्या हातभर होत्या. मग माझ्या हिशेबाच्या दिवशी बुडाल्या, अगदी त्या दिवशी. मी ओट्यावर बसून शिव्या दिल्या. शेजारी आले, त्यांना वाटलं मी पडलो.

एवांद्रोसने मोजलं असेल. त्याचं माप असेल आणि माझं नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, दोन लागतात, हे मीच त्याला शिकवलं होतं.

*

अलेक्झांड्रिया. मेखिरची दहा.

फिलिन्नाकडून बाबांना.

पहिलं जहाज आज निघतं आहे, त्यावर हे देते. मी जिवंत आहे. तोही आहे, अजून. बाकी क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

खुंटी शेवटच्या भोकात गेली त्या सकाळी दोर्कोनकाकांनी निरोप धाडला. मी धावत गेले. त्यांना म्हटलं, फक्त पाच दिवस थांबा. ते म्हणाले, "पोरी, मी थांबेन. माझे बावीस जण थांबणार नाहीत. आकाश काय म्हणतं ते तुझ्या बापाने त्यांना येऊन सांगावं." मग म्हणाले, "तू तरी चल." मी पाय ठेवला होता फळीवर. तुम्हाला ते कळलं असेलच. मला माझी लाज वाटते की ठेवला, आणि कधी कधी रात्री वाटतं की का काढला.

त्यानंतर रोज पहाटे मी गच्चीवर जायचे. कृत्तिका समुद्रावर ठणठणीत. हवा अशी की ताटलीत बसून ऱ्होड्सला जावं. बाबा, तुमचा हिशेब बरोबर होता. बंदरात एक शीड नव्हतं.

ग्रहण तुम्ही सांगितलंत त्याच संध्याकाळी लागलं. सगळी वस्ती गच्च्यांवर चढली. मिसरी काय, ग्रीक काय, ज्यू काय, जो तो तांब्याची भांडी बडवत होता, कढया, पराती, झाकणं, चंद्राला सोडवायला. बिअरवाली तर रडत बडवत होती. मी एक घमेलं एवांद्रोसच्या हातात दिलं आणि म्हटलं, आधी हे वाजव, मग मोज. त्याने ते खाली ठेवलं. "श्वास रोखायचा आहे," म्हणाला. तुमचं वाक्य.

एवढ्या मोठ्या शहरात तेवढा एकच माणूस गप्प उभा होता, बाबा. चार हाताची पट्टी चंद्रावर रोखून. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी बोट दाखवलं. त्याने तीनदा मोजलं, तिन्ही मापं लिहिली, खापरावर, आणि खापर माझ्या कमरेला खोचलं. शिपाई जिन्यात होते तेव्हा तो मला सांगत होता की मध्यापासून मोजलंय, काठापासून नाही, बाबांना मुद्दाम सांग.

तुमचं "निघा" हे पत्र दुसऱ्या दिवशी आलं. वादळाने फेकलेलं एक गलबत ते घेऊन आलं होतं.

आता तो बंदरामागच्या किल्ल्यात आहे. पहारेकऱ्याला दारू दिली की मला भाकरी घेऊन थोडा वेळ आत सोडतात. हिवाळाभर तो ओल्या दगडावर झोपला. आता खोकल्यात रक्त येतं. वैद्य म्हणाला, वसंत काढेल असं दिसत नाही. मी केस उपटले, भिंतीवर डोकं आपटलं, सगळं करून झालं. तो मला एकच विचारतो. रोज. "किती निघालं?" मी म्हणते, बाबांचं पत्र यायचं आहे. तो मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. कालपासून बोलताना त्याला दम लागतो म्हणून नुसत्या भुवया उडवतो, मला कळतं.

तिन्ही मापं खाली उतरवली आहेत. तुमचं माप घाला आणि काढा, बाबा. लवकर. मला चंद्राचं काही पडलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. पण या माणसाने आकड्यासाठी जीव टाकला, तर तो आकडा त्याला ऐकायला मिळू दे.

*

ऱ्होड्स. वसंतातले दिवस-रात्र सारखे.

आगेमाखोसकडून फिलिन्नाला, आणि एवांद्रोसला वाचून दाखवण्यासाठी.

एवांद्रोस, तुझी तिन्ही मापं मिळाली. इतकी स्वच्छ मापं मी कुणाच्या हातची पाहिलेली नाहीत, माझ्या हातचीसुद्धा नाहीत. तिसरं आणि पहिलं जुळतं, दुसऱ्यात हात किंचित हलला असावा, शिपायांचा आवाज आला असेल. माझ्या बाजूने आकाश स्वच्छ होतं. मीही तीनदा घेतलं. तुझ्या मापात आणि माझ्या मापात जो फरक निघाला, त्याची जीवा कोष्टकाच्या पहिल्याच पायरीच्या फार खाली पडते, म्हणून त्या पायरीचे सारखे भाग करून काढली. तीन दिवस लागले. दोनदा ताळा घेतला.

चंद्र पृथ्वीच्या अर्ध्या व्यासाच्या बासष्टपट दूर आहे.

बासष्ट, बाळा. लोक छाया मोजून पन्नास म्हणत होते, सत्तर म्हणत होते, तोंडाला येईल ते म्हणत होते. आता कुणाला तसं म्हणता येणार नाही. हे तुझ्या पट्टीने निघालं आहे. मी हे जिथे लिहीन तिथे तुझं नाव आधी लिहीन.

फिलिन्ना, दोर्कोन आज निघतो आहे, खुंटी अजून पहिल्या भोकातही आलेली नाही तरी. मी त्याच्यासमोर जमिनीवर काही काढलं नाही. म्हणालो, "जा," आणि तो निघाला. त्याच्याबरोबर परत ये. जेव्हा येता येईल तेव्हा.

*

अलेक्झांड्रिया. फामेनोथची बारा.

फिलिन्नाकडून बाबांना.

दोर्कोनकाकांनी पत्र धक्क्यावरच हातात दिलं. मी तिथे उघडलं नाही, किल्ल्यावर पळत गेले. पहारेकरी नवा होता, आत सोडेना. मी कानातलं काढून दिलं.

वाचून दाखवलं. "हात किंचित हलला असावा" इथे तो हसला, म्हणाला, म्हाताऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. बासष्ट ऐकल्यावर पुन्हा वाच म्हणून खूण केली. तीनदा वाचलं. मग माझ्या तळहातावर बोटाने एक लहान वर्तुळ काढलं, एक मोठं काढलं, आणि मधल्या जागेवर बोट ठेवून झोपला. मला दार लावायच्या आत बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तेव्हा त्याचं शव आधीच खाली नेलं होतं. पुरायला दिला. बिअरवाली आणि दोर्कोनकाका आले होते, आणखी कोण येणार?

परत येताना काकांनी विचारलं, "पत्रात असं काय होतं गं, की शेवटी त्याच्या तोंडावर हसू होतं?"

मी म्हटलं, "आकडा होता. चंद्राचा. बाबांनी तिथून मोजलं, याने इथून."

"कधी मोजलं?"

"ग्रहणाच्या संध्याकाळी."

काका चालायचे थांबले. म्हणाले, "पोरी, त्या संध्याकाळी तुझा बाप धक्क्यावर माझ्यासमोर होता. पाऊस असा की मला माझा हात दिसत नव्हता."

घरी आले आणि खापर काढलं. मग चुलीपुढे बसून राहिले. बिअरवालीने भाकरी केली, ती खाल्ली.

बाबा, तो आकडा कुठेही लिहू नका. कोष्टकाशेजारी नको, कुणाला पत्रात नको. त्याचं नाव त्यावर घालू नका, त्याने खरं मोजलं होतं. तो आकडा त्याला दिला होता, त्याच्याबरोबर गेला.

खूप विचार केला की मला कसला राग आहे. नऊ दिवसांचा आहे. तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे, तुमच्यासमोर बसून जेवतानाही ठेवणार आहे, तुम्ही समजून असा. बासष्टचा नाही.

दोर्कोनकाका परवा निघतात. मी त्यांच्याबरोबर येते आहे. धक्क्यावर न्यायला येऊ नका. घर मला माहीत आहे.